‘क्युबाची कोंडी झालेलीच नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

क्युबात वीज गेल्याची बातमी आली की मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: क्युबाची कोंडी वगैरे कुणी केलेली नाही. फक्त अमेरिका त्यांच्याशी व्यापार करत नाही, बाकी जग मोकळं आहे. शिवाय अमेरिकाही त्यांना चिकन विकतेच. अमेरिकेची ही व्यापारबंदी म्हणजे अमेरिकी कंपन्यांची मालमत्ता हडपल्याची शिक्षा आहे, आणि तिथलं दारिद्र्य हे निव्वळ समाजवादाचं फळ आहे. यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून हा मजकूर चटकन पटतो. पण जे गाळलं आहे ते फार मोठं आहे.

‘बाकी जग मोकळं आहे.’

कागदावर मोकळं आहे. स्पेन, कॅनडा, चीन किंवा भारताचा कायदा क्युबाशी व्यापार करायला मनाई करत नाही. आडवा येतो तो अमेरिकेचा कायदा, आणि तो अमेरिकेच्या हद्दीपाशी थांबत नाही.

जहाजांचंच घ्या. १९९२ च्या अमेरिकी कायद्यानुसार व्यापारासाठी क्युबाच्या बंदरात गेलेल्या जहाजाला खास परवान्याशिवाय पुढचे १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवता-उतरवता येत नाही. क्युबा फ्लोरिडापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. त्या भागात येणाऱ्या जहाजांचा खरा धंदा अमेरिकी बंदरांवर चालतो. जेमतेम एक कोटी लोकांच्या बेटासाठी सहा महिने मायामी आणि ह्यूस्टनवर पाणी सोडायला कोणता जहाजमालक राजी होईल? जो होतो तो जादा भाडं लावतो, आणि ते भाडं हवानातल्या पिठाच्या, औषधाच्या किमतीत जाऊन बसतं. त्याच कायद्याने अमेरिकी कंपन्यांच्या परदेशांतल्या उपकंपन्यांनाही क्युबाशी व्यापार बंद केला. शिवाय एखाद्या यंत्रात १० टक्क्यांहून जास्त अमेरिकी भाग असतील, तर ते जर्मनीत बनलेलं असो की जपानमध्ये, अमेरिकेच्या परवान्याशिवाय क्युबाला विकता येत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या ऐन धुमाळीत, क्युबाला व्हेंटिलेटर पुरवणाऱ्या दोन स्वित्झर्लंडच्या कंपन्यांनी पुरवठा थांबवला. कारण त्या एका अमेरिकी कंपनीने विकत घेतल्या होत्या. स्वित्झर्लंडने कुठलाही निर्बंध घातलेला नव्हता. क्युबाच्या शास्त्रज्ञांनी मग स्वतः व्हेंटिलेटर तयार केले, अब्दाला आणि सोबेराना या लशीही स्वतःच बनवल्या. पण २०२१ मध्ये लस टोचायला सिरिंज अपुऱ्या पडल्या. जग मोकळं असेल तर असं का व्हावं?

बँकांची गोष्ट याहून गंभीर. आंतरराष्ट्रीय व्यापारातला बराचसा पैसा डॉलरमध्ये फिरतो आणि डॉलर अमेरिकी बँकांतून जातो. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा या बँकेला सुदान, इराण आणि क्युबाचे व्यवहार केल्याबद्दल जवळपास ९०० कोटी डॉलर भरावे लागले. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत झाल्यावर लहान बँक कशाला धोका पत्करेल? त्यातून जानेवारी २०२१ मध्ये क्युबाला पुन्हा ‘दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशां’च्या अमेरिकी यादीत टाकलं गेलं. परिणाम असा की क्युबाला सहलीला जाऊन आलेल्या फ्रेंच वा स्पॅनिश माणसाला आता अमेरिकेत जाताना व्हिसामुक्त प्रवेशाची सोय मिळत नाही, वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसा काढावा लागतो. पर्यटनावर जगणाऱ्या देशाला हा फटका किती खोलवर बसतो, हे गोव्यात तरी वेगळं सांगायला नको.

‘अमेरिका स्वतः चिकन विकते.’

विकते, आणि बरंच विकते. २००० सालच्या कायद्याने शेतमालाच्या विक्रीला मुभा दिली, पण पैसे आधी रोख मोजायचे, अमेरिकी बँकेकडून उधारी नाही. जगात धान्याचा व्यापार मुदतीवर चालतो. देश आज माल घेतात आणि काही महिन्यांनी पैसे चुकते करतात. क्युबाला ती सवलत नाही. आणि हे डॉलर यायचे कुठून? क्युबाची साखर, रम, सिगार शेजारच्या या सगळ्यात मोठ्या बाजारात विकता येत नाहीत. खरेदी करायची तर रोखीने, विक्री मात्र जवळपास बंद. याला मोकळा व्यापार म्हणत नाहीत.

‘मालमत्ता हडपल्याची शिक्षा आहे.’

क्युबाने १९६० मध्ये अमेरिकी मालमत्ता ताब्यात घेतली आणि भरपाई दिली नाही, हे खरं. अमेरिकी आयोगाने मान्य केलेले दावे सुमारे १९० कोटी डॉलरचे आहेत. पण कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, स्वित्झर्लंड यांच्या नागरिकांचीही मालमत्ता गेली होती, आणि त्या देशांनी पुढे वाटाघाटी करून एकरकमी तडजोड केली. वाट होती.

‘दारिद्र्य हे समाजवादाचं फळ आहे.’

इथे मी क्युबाच्या सरकारची वकिली करणार नाही. सरकारी खरेदी यंत्रणेने शेतकऱ्याला नाडलं, सुपीक जमिनी मराबू या काटेरी झुडपांखाली गेल्या. देशात चालणारी दोन चलनं एक करण्याची जानेवारी २०२१ ची योजना साफ फसली आणि महागाईने पगार गिळून टाकले. वीजनिर्मिती केंद्रं मोडकळीला आलेली असताना हॉटेलं बांधण्यात पैसा ओतला. १८ ऑक्टोबर २०२४ ला मातान्सासचं गितेरास केंद्र बंद पडलं आणि अख्खा देश अंधारात गेला, त्यात या चुकांचा मोठा वाटा आहे. ११ जुलै २०२१ ला रस्त्यावर उतरलेल्या लोकांना तुरुंगात टाकणारंही हेच सरकार आहे, आणि त्याचा निषेधच केला पाहिजे.

पण ‘निव्वळ’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. क्युबाचा बहुतेक व्यापार पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघाशी होता. तो कोसळल्यावर १९९० ते १९९३ या काळात अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली. पोषणाच्या अभावी ५०,००० हून अधिक लोकांना डोळ्यांच्या आणि हातापायांच्या नसांचा विकार जडला. भारतातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या हरकिशन सिंग सुरजीत यांच्या पुढाकाराने १०,००० टन गहू गेला तो याच काळात. आणि जहाजांना रोखणारा तो अमेरिकी कायदाही नेमका १९९२ मध्ये आला. लोक उपाशी असताना दोर आणखी आवळला गेला.

दुसरा दाखला अलीकडचा. डिसेंबर २०१४ नंतर ओबामांनी निर्बंध सैल केले. हवानात राज्यव्यवस्था तीच होती. तरी घरगुती खानावळी भरल्या, लोक खोल्या भाड्याने देऊन कमावू लागले, आणि २०१८ मध्ये सुमारे ४७ लाख पर्यटक आले. जून २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने अमेरिकी क्रूझ जहाजं बंद केली, पाठोपाठ कोविड आला, आणि २०२४ मध्ये पर्यटक उरले जेमतेम २२ लाख. कोविडचा वाटा त्यात आहेच. पण कोविडनंतर शेजारचं डॉमिनिकन प्रजासत्ताक पर्यटकांनी पुन्हा भरून गेलं, क्युबा नाही.

या मजकुराचे लेखक व्हिएतनामचं उदाहरण देतात: तो देश सुधारला म्हणून पुढे गेला. बरोबर, १९८६ पासून त्यांनी बाजाराला वाट दिली. पण ३ फेब्रुवारी १९९४ ला क्लिंटन यांनी व्हिएतनामवरचे व्यापारनिर्बंध उठवले, हे का सांगत नाहीत? केनेडींनी क्युबावरच्या संपूर्ण व्यापारबंदीवर सही केली तीही ३ फेब्रुवारीलाच, १९६२ मध्ये. व्हिएतनाममध्ये आजही कम्युनिस्ट पक्षाचीच सत्ता आहे आणि अमेरिका त्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक आहे.

शेवटी एक दावा मजकुरात अध्याहृत असतो: निर्बंध सरकारवर आहेत, जनतेवर नाहीत. याचं उत्तर अमेरिकेच्याच दफ्तरात आहे. ६ एप्रिल १९६० ला परराष्ट्र खात्यातले अधिकारी लेस्टर मॅलरी यांनी लिहिलेलं टिपण आता खुलं झालं आहे. बहुसंख्य क्युबन कॅस्ट्रोंच्या बाजूने आहेत, हे त्यात स्वच्छ मान्य केलं आहे. म्हणून उपाय सुचवला तो असा की देशाला पैसा आणि माल मिळू देऊ नये, मजुरी घटवावी, आणि भूक व हताशा निर्माण करून सरकार उलथवावं. सरकार उलथलं नाही. बालमृत्यूचं प्रमाण मात्र २०१८ मध्ये हजारी ४ होतं, ते २०२४ मध्ये ७ च्या वर गेलं.

२०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १८७ देशांनी, त्यात भारतही होता, ही व्यापारबंदी उठवा म्हणून मत दिलं. विरोधात दोन, अमेरिका आणि इस्रायल. पण १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाही ती एकट्याने उठवता येत नाही, त्यासाठी तिथल्या संसदेनेच, म्हणजे काँग्रेसनेच, कायदा बदलावा लागेल.