माइटनरने ‘नुसता अर्थ लावला’? जरा सविस्तर उत्तर

नमस्कार, लीझ माइटनर या भौतिकशास्त्रज्ञ बाईवरच्या माझ्या लेखाबद्दल एवढं मन लावून लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्स. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की युरेनियमच्या प्रयोगात बेरियम सापडलं (ज्यातून अणुकेंद्र फुटतं, म्हणजे अणुविखंडन होतं, हे कळलं) ते ओट्टो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना, माइटनर तेव्हा बर्लिनमध्ये नव्हतीच, तिने स्वीडनमध्ये बसून नंतर नुसता अर्थ लावला, त्यामुळे नोबेल एकट्या हानला मिळालं यात अन्याय वगैरे काही नाही आणि मी भावनेच्या भरात लिहिलंय. यातली एक गोष्ट मला मान्य आहे, ती शेवटी सांगते. पण ‘नुसता’ या शब्दावर मी भांडणार.

ती बर्लिनमध्ये का नव्हती हे आधी बघा ना. १९०७ पासून तिने तिथे काम केलं, सुरुवातीला तर बायकांना प्रवेश नाही म्हणून तळघरातल्या जुन्या सुतारकामाच्या खोलीत. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू घरात जन्मलेल्या या बाईचा ऑस्ट्रियन पासपोर्ट एका फटक्यात कुचकामी झाला, जुलैत तिला लपूनछपून हॉलंडची बॉर्डर ओलांडावी लागली, वय ५९. बेरियमच्या शोधनिबंधावर तिचं नाव नाही ते यामुळे. आणि युरेनियमवर न्यूट्रॉन मारायचं हे काम १९३४ मध्ये सुरू झालं तेच मुळात तिच्या आग्रहाने, हानला तिने त्यात ओढलं, श्ट्रासमान नंतर आला. पळून गेल्यावरही पत्रं चालूच होती, नोव्हेंबरमध्ये ती हानला कोपनहेगनला भेटली आणि युरेनियमपासून रेडियम मिळतंय हे पटत नाही, परत तपासा म्हणून मागे लागली. त्या तपासणीतच बेरियम निघालं! म्हणजे प्रयोग एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे असं हे काम नव्हतंच.

आता अर्थाबद्दल. डिसेंबरात हानचं पत्र आलं, की आमचं ‘रेडियम’ बेरियमसारखं वागतंय, काही केल्या बेरियमपासून वेगळंच होत नाही, तुला काही सुचतंय का. त्याला स्वतःला ते झेपत नव्हतं, कारण तोपर्यंत अणुकेंद्रातून फार तर एखादा टवका उडतो असंच सगळे धरून चालले होते, सरळ दोन तुकडे होतील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. स्वीडनमधल्या कुंगएल्व्ह गावी ख्रिसमसला तिचा भाचा, भौतिकशास्त्रज्ञ ओट्टो फ्रिश आला होता, दोघं बर्फातून फिरताना एका ओंडक्यावर बसले आणि कागदाच्या चिटोऱ्यांवर गणित मांडलं. अणूचं केंद्रक म्हणजे पाण्याचा थेंब धरा, युरेनियमचा विद्युतभार इतका मोठा की थेंबाला धरून ठेवणारा ताण जवळजवळ संपलेला, जरासा धक्का बसला की तो मधोमध आवळून तुटणार आणि तुकडे एकमेकांना ढकलून साधारण २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) इतक्या ऊर्जेने सुटणार. ही ऊर्जा येते कुठून? केंद्रकांची वस्तुमानं काढायचं सूत्र माइटनरला पाठ होतं, तिने हिशोब केला तर दोन्ही तुकडे मिळून मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या एक पंचमांश इतके हलके, आणि आइनस्टाइनच्या E=mc² या सूत्रात घातलं की बरोबर तेवढीच ऊर्जा. युरेनियमच्या ९२ प्रोटॉनमधून बेरियमचे ५६ गेले की ३६ उरतात, म्हणजे क्रिप्टॉन. हे गणित वाचताना मला अजून शहारा येतो.

हानला रसायनशास्त्राचं नोबेल मिळायला नको होतं असं मी कुठेच म्हटलेलं नाही, खुद्द माइटनरनेही तो त्याला पात्र आहे असंच लिहिलंय, पण प्रक्रिया उलगडण्यात आपला आणि फ्रिशचाही वाटा आहे हेही तिने सांगितलं. १९४४ चं ते नोबेल एकट्या हानला मिळालं. माझी तक्रार फक्त ‘एकट्या’ला आहे.

आता मान्य आहे ते. श्ट्रासमानला मी लेखात एका ओळीत गुंडाळलं हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, ते अवघड केमिस्ट्रीचं काम त्याचं होतं. नाझींच्या काळात करिअरवर पाणी सोडून तो त्यांच्या संघटनेत गेला नाही, एका ज्यू बाईला स्वतःच्या घरात लपवलं. आणि याच माणसाने नंतर लिहून ठेवलंय की आमच्या टीमची बौद्धिक नेता माइटनर होती. त्याच्यावरचा परिच्छेद मी आज लेखात वाढवतेय.