घेण्याचा काटा, देण्याचा काटा

परवा पहाटे आमचं विमान आहे आणि आज सकाळी डोंबिवलीत, भर रस्त्यावरच्या रद्दीच्या दुकानात, माझा लोकरीचा बनियन चार अनोळखी माणसांनी बघितला. त्यातल्या एका बाईंनी तर हात लावून "चांगला जाड आहे हो" असा अभिप्रायही दिला.

मे महिन्यात लोकरीचा बनियन कशाला? मीही हेच विचारलं होतं. लोणच्याच्या बरणीला गुंडाळायला, असं उत्तर मिळालं.

लेक जर्मनीत श्टुटगार्टला असते, तिच्याकडे महिनाभर निघालोय. माणशी एक बॅग, 23 किलो. हिच्या बॅगेची काळजी नव्हती, तिच्यात नुसते कपडे. काळजी माझ्या बॅगेची, कारण ती माझी फक्त म्हणायला. आत गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आमसुलं, कुकरच्या दोन रिंगा, एक शिटी आणि तळाला वर्तमानपत्रात बांधलेली घडीची विळी. माझं म्हणून त्यात तो बनियन, एक चपलांचा जोड आणि कागदांची एक फाइल.

आता वजन कसं करायचं? लेक म्हणाली, "बाबा, हातात धरून बॅग मोजायचा काटा ऑनलाइन चारपाचशेला मिळतो." एकदा वजन करायचं म्हणून पाचशे रुपये घालणाऱ्यातला मी नव्हे. घरातल्या काट्यावर बॅग उचलून उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं, असाही एक उपाय असतो. मी उभा राहिलो तर माझा तोल गेला, बॅगेसकट टीपॉयवर पडलो. हिला उभी राहा म्हटलं, तर म्हणाली, "माझं वजन तुम्हाला कळण्यापेक्षा बॅग इथेच राहिलेली परवडली."

म्हणून रद्दीवाला. वीस वर्षं दर महिन्याला मी त्याला रद्दी घालतोय, तेवढा हक्क मला असायला हरकत नव्हती. या वीस वर्षांत आमचं दुसरं कसलंही बोलणं झालेलं नाही. मी म्हणतो, "शेठ, काटा कमी दाखवतो तुमचा." तो म्हणतो, "काका, शिक्का आहे काट्यावर." शेठ माझ्याहून पाच वर्षांनी तरी मोठा असेल. दात माझे जास्त आहेत. तरी काका मीच.

बॅग ओढत गेलो. बॅगेला चार चाकं आहेत आणि ती चारी दिशांना फिरतात, अशी विकताना जाहिरात होती. ती खरी आहे. आमच्या रस्त्यावर ती चारी एकाच वेळी चार दिशांना फिरली.

"बॅग द्यायची?" शेठने विचारलं.

"द्यायची नाही, मोजायची. विमानाला जायचंय."

शेठने पोऱ्याला खूण केली, पोऱ्याने बॅग काट्यावर आडवी टाकली. लाल आकडे थरथरले आणि थांबले: 22.4.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. हिने बरणी, विळी सगळं कोंबूनही बावीस पूर्णांक चार! वीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हणालो, "शेठ, काटा मात्र चोख आहे तुमचा." शेठही सुखावला. "बोललो ना काका, शिक्का आहे." शेजारी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या बाईही कौतुकाने बघत होत्या. सगळं इथेच संपलं असतं.

पण पोऱ्या नवीन होता. सज्जन होता. तो म्हणाला, "शेठ, विमानाला जायचंय ना काकांना? मग आतल्या काट्यावर घेऊ का? हा घेण्याचा आहे. देण्याचा आत आहे."

दुकानात एकदम शांतता पसरली. बाईंनी गठ्ठा उचलून पुन्हा काखेत मारला. शेठने पोऱ्याकडे असं बघितलं, की तो पोरगा आता भंगारात जाणार अशी माझी खात्री झाली.

"देण्याचा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आम्ही गोडाऊनला माल देतो ना," शेठ अतिशय शांतपणे म्हणाला, "तेव्हा तो वापरतो. मोठा आहे जरा."

"मोठा कशात?"

"पाट मोठा आहे."

आतल्या काट्यावर बॅग 26.4 भरली.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. हिशेब तिथल्या तिथे तोंडी झाला. चार किलोचा फरक म्हणजे किलोमागे सुमारे 150 ग्रॅम. महिन्याला दहा किलो रद्दी धरा, वीस वर्षांची झाली 2,400 किलो, त्यातली 360 किलो शेठच्या पाटाखाली गेली. दहा रुपये भाव धरला तरी 3,600 रुपये. एवढ्यात एका माणसाच्या व्हिसाची अर्धी फीसुद्धा निघत नाही, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

खरी अडचण पुढेच होती. तत्त्वाने भांडायला गेलो तर आतला काटा खरा, म्हणजे बॅग 26.4. बॅग वाचवायची तर बाहेरचा काटा खरा, म्हणजे शेठ वीस वर्षं प्रामाणिक. मी गप्प उभा राहिलो. शेठने ते बरोबर ओळखलं.

"काका, तुम्हीच सांगा आता. कुठला खरा मानायचा?"

"बाहेरचा जरा बरा वाटतो," असं मी म्हणालो. हो, मी म्हणालो.

"मग वीस वर्षं का भांडत होता?"

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, एअरपोर्टचा काटा आतल्यासारखाच असतो. माझ्या भावजयीला तिथे सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावली." आणि तिथे सगळ्यांसमोर उघडायला नको, म्हणून मी इथे सगळ्यांसमोर उघडली. ही युक्ती त्या क्षणी शहाणपणाची वाटली होती.

एक एक वस्तू रद्दीच्या गठ्ठ्यांवर निघू लागली. बाईंनी सूत्रं हातात घेतली. "तूप नाही दिसत? लेकीकडे चाललाय आणि तूप नाही?" त्यांना काय सांगू? बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दूध-दुभत्याचं काही युरोपात आणायचं नाही, असा तिकडचा नियम आहे. तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंड तर नाहीच. "आणि खोबरं?" सुक्या खोबऱ्याला 2022 पासून आपल्याकडेच चेक-इनच्या बॅगेत बंदी आहे, त्याच्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणतात. जन्मभर वाटणात घातलं, तर हा गुण कधी दाखवला नाही त्याने. बाईंना काही पटलं नाही. मीच हात आखडता घेतला, अशी त्यांची समजूत कायम आहे आणि त्या आमच्याच गल्लीत राहतात.

शेठचा डोळा विळीवर. "लोखंड आहे. 30 रुपये किलोने घेतो."

"विकायची नाहीये."

"दीड किलो असेल," म्हणाला. कुठल्या काट्यावर, ते मी विचारलं नाही.

मग निघाली फाइल. व्हिसाच्या अर्जासोबत जे जे दिलं, त्याचा एक जोड हातातल्या पिशवीत आहे, तरी असावा म्हणून दुसरा या बॅगेत. शेठने तो उघडलाच. "एवढे कागद? घर घेताय तिकडे?"

"नाही, महिन्याने परत येणार याचा पुरावा आहे तो."

"कोणाला पाहिजे?"

"जर्मनीच्या सरकारला."

शेठने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "तुम्हाला ठेवून घेऊन ते काय करणार?"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, हा प्रश्न व्हिसाच्या खिडकीपाशी मलाच पडला होता. चौतीस वर्षं मी लोकांची खातेपुस्तकं तपासली, "अजून एक पुरावा लागेल" असं शांतपणे सांगून त्यांना परत पाठवलं, त्याची फेड असेल कदाचित. पण पासष्टाव्या वर्षी पेन्शनचा कागद, घराचा कागद, बँकेचा उतारा पसरून, मी तुमच्या देशात लपून राहणार नाही हो, अशी विनवणी करायची, त्यासाठी 90 युरो भरायचे आणि नकार आला तरी ते परत नाहीत. वर लेकीने तिकडच्या कचेरीत जाऊन लिहून दिलं, की आईबापाचा खर्च मी करीन. त्या कागदाचं नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. तिचा पंचवीस वर्षांचा खर्च मी केला, माझ्याकडे कोणी असं नाव मागितलं नव्हतं. शिवाय 30,000 युरोंचा विमा, त्यात मृत्यू आल्यास देह परत आणायचा खर्चही धरलेला. म्हणजे जिवंत परत येईन याचा पुरावा एका कागदावर आणि मेलेला परत येईन याचा दुसऱ्यावर. मधलं काहीच त्यांना चालत नाही.

असो. विळी काढली, दीड किलो. भाजणी काढली, एक किलो. ती घरी आणून डब्यांच्या मागे लपवलीय, हिला अजून सांगितलेलं नाही. चपला काढल्या. बनियनाला हात लावायची सोय नव्हती, बरणी उघडी पडली असती. आता उरली फाइल. बँकेची पानं मी फाडून खिशात घातली, बाकीची मोजली, 140 होती. घरी घेऊन गेलो तर ही पुन्हा बॅगेत घालणार, म्हणून म्हटलं, "शेठ, हे घ्या. पांढरा कागद आहे, भाव जास्त लावा."

शेठने ती चवड बाहेरच्या काट्यावर ठेवली. "सहाशे ग्रॅम."

ए-फोरचं 80 जीएसएमचं एक पान पाच ग्रॅमचं असतं. हे मला माहीत आहे, कारण बँकेत स्टेशनरी माझ्याकडे होती. 140 पानं म्हणजे 700 ग्रॅम, इकडची दुनिया तिकडे झाली तरी.

"शेठ, आतल्या काट्यावर घ्या."

शेठने माझ्या हातावर आठ रुपये ठेवले आणि बॅगेची चेन स्वतः ओढून लावून दिली.

"काका, तो फक्त विमानवाल्यांसाठी."