आजचा स्वच्छ एक्स-रे आजपुरताच

तुम्ही लिहिलंय, ‘वडील आयुष्यभर साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होते, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. अर्धं सोलापूर ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याखाली झोपतं. ॲस्बेस्टॉसच्या नावानं लोकांना उगाच घाबरवता. आणि इलाजच नाही, तर आधी कळून काय करायचं?’

पत्र्याचं तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. ॲस्बेस्टॉस म्हणजे उष्णता रोखणारं तंतुमय खनिज, आणि शाबूत पत्रा सहसा त्याचे तंतू सोडत नाही. तो कापताना, भोक पाडताना, फोडताना धोका असतो. वडिलांचं काम मात्र वेगळं. हंगाम संपला की स्टीमच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं आवरण, ठोकून पाडायचं, पांढरा धुरळा उडायचा, तोंडाला फार तर रुमाल. त्या काळच्या लॅगिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. त्याचे तंतू रुमालाला जुमानत नाहीत, फुप्फुसात रुततात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. ॲस्बेस्टॉसिस (या तंतूंनी फुप्फुसात पडणारे व्रण) दिसायला दहा-वीस वर्षं लागतात, मेसोथेलिओमाला (फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाला) तीस-चाळीससुद्धा. शिवाय सुरुवातीचा ॲस्बेस्टॉसिस साध्या एक्स-रेत निसटू शकतो. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, तो जास्त नीट दिसतो. जिना चढताना धाप लागते का, कोरडा खोकला आहे का, हे आधी विचारा. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, तीही करून घ्या.

झालेले व्रण पुसले जात नाहीत, आणि मेसोथेलिओमा लवकर पकडणारी खात्रीची चाचणी अजून नाही. तरीही कळण्याचा उपयोग आहे. वडील बिडी ओढतात का? ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढतो. बिडी आज सुटली तर तो कमी व्हायला लागतो. माझ्या लेखी एवढ्या एका कारणासाठीही तपासणी करावी. फ्लू आणि न्यूमोनियाची लसही घेता येते.

भरपाईचंही आहेच. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्यानं व्यावसायिक आजार आहे. ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 सालीच बजावलं. साखर कारखान्यात, त्यातही ठेकेदाराच्या माणसांची, अशी नोंद कोण ठेवणार? म्हणून वडिलांकडून आजच लिहून घ्या: कुठल्या साली, कुठल्या खात्यात, काय काम. तो कागद छातीच्या डॉक्टरांपुढे ठेवा, कारण ‘सध्या काय करता?’ एवढंच विचारलं, तर उत्तर ‘रिटायर’ येतं आणि विषय तिथेच संपतो.

कामावरचे कपडे आई झटकून धुवत असतील, तर त्यांनाही सोबत न्या. असे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांनाही मेसोथेलिओमा झालेला आहे.