ए-फोर पिशवीत मावेल तेवढा फुटबॉल

सांगलीच्या विश्रामबागेत ज्यांचं पोरगं लंडनला नोकरीला आहे, त्यांना कधी ना कधी तो फोन येतोच. "बाबा, नोव्हेंबरात येताय ना? वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडची फुटबॉल मॅच आहे. तिकिटं काढू का?" बाबांची नजर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबचे सामने बघून तयार झालेली असते. ते लगेच "काढ" म्हणतात. मॅच कसली, हे विचारायचं राहून जातं.

मॅच मैत्रीपूर्ण असते. ना गुण, ना चषक, ना जादा वेळ, ना पेनल्टी शूटआउट. जत्रेच्या मैदानात दोन नामांकित मल्ल पाऊण तास खडाखडी करून बरोबरीत सुटतात आणि पंच दोघांचेही हात वर करतात, त्यातला प्रकार. १८७२ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला स्कॉटलंड आणि इंग्लंडमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तोच मुळी शून्य-शून्य सुटला. पायंडा जुना आहे.

तिकीट दोन महिने आधी काढायचं असतं आणि संघ जाहीर होतो सामन्याच्या आठवडाभर आधी. ज्याच्यासाठी तिकीट काढलं, त्याच्या मांडीचा स्नायू नेमका त्याच आठवड्यात दुखावतो. पगार क्लब देतो, मग मोफतच्या लढतीत क्लबवाला आपला खेळाडू कशाला झिजवेल? मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जनं वेल्सकडून १९९१ साली पदार्पण केलं आणि पहिली मैत्रीपूर्ण लढत तो खेळला थेट २००० साली. तेव्हा पाठीवर नाव छापलेली जर्सी आधीच विकत घेऊ नये, हा माझा फुकटचा सल्ला. आणि यजमानांच्या बाजूची जागा असेल तर पाहुण्या संघाची जर्सी अजिबात नको. तिथे ती घालून बसलेल्याला बाहेर काढतात.

व्हिसाचं फारसं काही नाही. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे पुण्याला, सोबत बँकेचं स्टेटमेंट. खरा सामना सुरू होतो ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, फाटकावर.

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत, आणि ट्यूबलाही लोक कार्डच टेकवतात. आपल्या घरात कार्ड एकच असतं आणि ते काकांच्या पाकिटात असतं. काका पिवळ्या गोलावर कार्ड टेकवतात, फाटक उघडतं, ते आत जातात. मग ऐटीत मागे वळून तेच कार्ड काकूंसाठी टेकवतात. लाल दिवा. काका आत, काकू बाहेर, आणि काकूंच्या मागे तीस माणसं.

"अहो, ओढा की जरा ते दार!"

"ओढायचं नसतं गं. थांब तिथंच."

एका माणसाला एक कार्ड, हा तिथला नियम आहे, म्हणून सांगलीहून निघतानाच परदेशात चालणारी दोन फॉरेक्स कार्डं करून घ्यावीत. दुसरी गंमत अशी की चढताना कार्ड टेकवलं असेल तर उतरताना कार्डच टेकवायचं. त्याच कार्डाचं पैसे भरायचं ॲप मोबाइलवर असलं तरी यंत्राच्या लेखी तो मोबाइल म्हणजे वेगळा प्रवासी. अशानं दोन अर्धे प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बेकर स्ट्रीटहून मेट्रोपॉलिटन लाइन धरली तर वेम्बली पार्कला लवकर पोचता. ज्युबिली लाइनही जाते, पण मधल्या सगळ्या स्टेशनांना नमस्कार करत.

स्टेशनातून उतरलं की समोर सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला स्टेडियमची १३३ मीटर उंचीची कमान. इथे सगळे थांबून फोटो काढतात आणि मोबाइलची बॅटरी संपवतात. तिकीट मोबाइलमध्येच असतं! त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट घरच्या वायफायवरच मोबाइलच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, कारण दाराशी हजारो लोक एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात आणि गोल चक्री फिरत राहते. चार्ज केलेली छोटी पॉवर बँक खिशात हवीच. दारात कुणी "तिकीट, तिकीट" कुजबुजत आला तर जुन्या टॉकीजची आठवण होऊन ऊर भरून येतो खरा, पण फुटबॉलचं तिकीट असं विकणं तिकडे १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आता पिशवी. नियम ए-फोर कागदाचा : २१ सेंटिमीटर बाय २९.७. याहून मोठी पिशवी आत जात नाही. सांगलीकराच्या हातातली सर्वांत लहान पिशवी याच्या दुप्पट असते, कारण तीत भडंगाचा पुडा, शाल, कानटोपी, गोळ्यांचा डबा आणि "वाटेत कुणी भेटलं तर" म्हणून घेतलेली लोणच्याची बरणी असते. काच तर आत जातच नाही. उपाय सोपा आहे : कानटोपी डोक्यावर, शाल कोटाच्या आत, गोळ्या खिशात, बरणी घरी. भडंगाचं काय, ते त्या सामन्याच्या नियमावलीत आदल्या दिवशी बघून घ्या. दारातल्या सुरक्षारक्षकाला भडंग समजावून सांगायला मागची रांग वेळ देत नाही.

आत नव्वद हजार खुर्च्या. सामान्य माणसासाठी मजला एक आणि एकदम पाच. मधले श्रीमंतांचे. स्वस्त तिकीट म्हणजे पाचवा. सरकते जिने आहेत, पण ते संपल्यावरही पायऱ्या राहतातच, आणि चढ असा की गुडघे दुखणाऱ्यानं आधीच विचार करावा. छप्पर डोक्यावर आहे, पाऊस लागत नाही. थंडी मात्र सिमेंटमधून बुटात आणि बुटातून वर चढते. लोकरीचे मोजे दोन जोड घाला, एकावर एक.

कुणाला घसा ओला करायचा असेल तर तोही मागच्या आवारातच. मैदान दिसेल अशा जागी दारू पिणं १९८५ च्या कायद्यानं बंद आहे. त्यामुळे मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत निम्मं स्टेडियम ग्लास रिकामा करायला धावतं आणि उरलेलं निम्मं आधीचा ग्लास रिकामा करायला. वेम्बली २००७ साली उघडलं तेव्हा तिथल्या २,६१८ शौचालयांचं मोठं कौतुक झालं होतं. त्यातलं एकही मध्यंतरात रिकामं सापडत नाही. चाळिसाव्या मिनिटाला उठा. त्या पाच मिनिटांत गोल झाला तर तो सांगलीहून व्हॉट्सॲपवर कळतोच.

दुसऱ्या अर्धात खेळाडू बदलायला लागतात. मैत्रीपूर्ण लढतीत नेहमीच्या पाचापेक्षा जास्त बदली चालतात आणि प्रशिक्षक एकही वाया घालवत नाहीत. २००३ साली लंडनच्या अप्टन पार्क मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडनं मध्यंतराला अकराच्या अकरा माणसं बदलली आणि तरी १-३ हरलं. तिकीट एक, बघायला इंग्लंडचे दोन संघ. आपल्या हिशेबानं परवडलं म्हणायचं. पुढे नामांकित झालेला वेन रूनी सतराव्या वर्षी त्यातच इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला. पुढच्याच वर्षी बदलीला सहाची मर्यादा आली.

साधारण साठाव्या मिनिटानंतर पाचव्या मजल्याला कंटाळा येतो आणि कागदी विमानं उडू लागतात. काही सामन्यांत झेंड्याचं चित्र साकारायला खुर्च्यांवर जाड कागद ठेवलेले असतात, त्याचीच ही विमानं. २०१४ च्या मे महिन्यात पेरूविरुद्धच्या सामन्यात असंच एक विमान तरंगत तरंगत थेट पेरूच्या खेळाडूवर जाऊन आदळलं आणि स्टेडियमनं गोल झाल्यासारखा जल्लोष केला. इंग्लंड ३-० जिंकलं होतं, पण लोकांच्या लक्षात विमान राहिलं. यात आपला माणूस मागे पडायचं कारण नाही. नाक जड ठेवा आणि पंख रुंद दुमडा. हलक्या नाकाचं विमान खालच्या मजल्यावरच्या टकलावर उतरतं.

शिट्टी वाजली की उठू नका. वेम्बली पार्कच्या पायऱ्यांशी गर्दी अडवून टप्प्याटप्प्यानं सोडतात आणि घुसून पुढे जायची आपली विद्या तिथे चालत नाही. वीस मिनिटं खुर्चीतच बसा, नाहीतर वेम्बली सेंट्रलपर्यंत चालत जा. मध्य लंडनच्या मेरिलबोन स्टेशनकडे जायचं असेल तर पलीकडचं वेम्बली स्टेडियम स्टेशन बरं.

घरी पोचता पोचता अकरा वाजतात. तेव्हा उत्साहाच्या भरात सांगलीला फोन लावू नका. नोव्हेंबरात फरक साडेपाच तासांचा, म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार. रिंग वाजली की थोरले भाऊ अंधारात चाचपडत फोन उचलणार, आणि तुम्ही स्कोअर सांगायच्या आत विचारणार, "कोण गेलं?"