उभ्या गाडीचा ताप

पळत्या गाडीची दुखणी वेगात झाकली जातात, उभ्या गाडीची चारचौघांत दिसतात. सिग्नलला डिझेल गाडीचा आरसा थरथरतो, गिअरचा दांडा 'नाही नाही' म्हणत मान हलवतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा आठशेवर गप बसायचं सोडून सातशे ते हजार अशा येरझाऱ्या घालतो. उभ्या गाडीतल्या इंजिनाचा हा वेग म्हणजे आयडलिंग. मग शेजारच्या सीटवरून फुकट निदान येतं : "आयडलिंग वाढवून घे. एक स्क्रू असतो."

असतो ना. जुन्या मेकॅनिकल पंपावर असतो. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरांना जास्त दाबाचं डिझेल जातं तिथे, आयडलिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, तिथे पाना घेऊन स्क्रू शोधणाऱ्याला माझ्या शुभेच्छा. आणि जुन्या पंपावरही स्क्रू पिळून दुखणं जात नाही, गाडी फक्त वरच्या पट्टीत कण्हायला लागते.

दुसरा सल्ला पेट्रोलवाल्यांचा : "थ्रॉटल बॉडी साफ कर." थ्रॉटल बॉडी ही हवा अडवणारी झडप, पण डिझेल इंजिनाचा वेग हवा अडवून ठरत नाही, डिझेल किती फवारलं यावर ठरतो. पुष्कळ डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर झडप असते खरी, पण ती ईजीआरला, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेला, मदत म्हणून आणि इंजिन बंद होताना हिसका बसू नये म्हणून. त्यामुळे काटा डुलू लागला की मी आधी एवढंच विचारतो : डिझेल एकटंच येतंय, की हवेला सोबत घेऊन?

हे डोळ्यांनी दिसतं. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये, कमी दाबाच्या बाजूला, वीतभर पारदर्शक नळी जोडायची आणि गाडी चालू करायची. सुरुवातीचे चार बुडबुडे माफ. त्यानंतरही माळ चालूच राहिली, तर हवा कुठूनतरी घुसते आहे. "पण खाली एक थेंब नाही!" नसणारच. टाकीत पंप नसेल तर ही नळी डिझेल ओढत असते. भेगेतून डिझेल बाहेर पडायच्या आधी हवा आत येते. रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीकडे परत सरकतं आणि सकाळी स्टार्टर रडवतो. संशयित ठरलेले : फिल्टरची रबरी रिंग, हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा पंप), पाणी काढायचा बूच आणि क्लिपखाली चिरलेली नळी. यातलं काहीही सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपेक्षा स्वस्त, म्हणून ते कुणी आधी तपासत नाही.

इंजेक्टरचा नंबर नंतर. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या (उरलेलं डिझेल टाकीकडे नेणाऱ्या) नळ्या काढून सारख्या मापाच्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर ठेवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत दुप्पट-तिप्पट? चोर सापडला. मात्र नोझलमधून सिलिंडरमध्ये ठिबकणारा इंजेक्टर या बाटल्यांत पकडला जात नाही, तो स्कॅनरवरच्या करेक्शनच्या, म्हणजे ईसीयू प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किती कमी-जास्त करतो त्या, आकड्यांत दिसतो. जुन्या इंजिनात एकेका नळीचा नट सैल करून मिस मारणारा सिलिंडर शोधत. तो प्रयोग कॉमन रेलवर अजिबात नको. आयडलिंगलाही रेलमध्ये दोनशे-तीनशे बार दाब असतो, ती धार कातडी भेदून आत जाते.

काळा धूर आणि लंगडी चाल असेल तर ईजीआर उघडा अडकलेला असू शकतो. व्हॅक्यूमवरचा असला तर त्याची नळी काढून तोंड बंद करायचं. इंजिन शांत झालं तर निकाल लागला. नाही झालं, तरी तो निर्दोष ठरत नाही, कारण काजळीने उघडा चिकटलेला ईजीआर नळी काढल्यावरही तसाच उघडा राहतो. थंडीत पांढरा धूर, पाच मिनिटांनी सगळं सुरळीत? ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन तापवणारी कांडी. ओहममीटरवर चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही.

काटा स्थिर, पण हजार-बाराशेवर टांगलेला? हे डिझेलचं दुखणं नव्हे. पेडलच्या सेन्सरवर ईसीयूचा विश्वास उडाला असेल, किंवा तापमानाचा सेन्सर भर उन्हात बर्फ पडल्याची बातमी देत असेल. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होत असतानाही आयडलिंग थोडं चढतं आणि पंखा घोंघावतो. तेव्हा काही करू नये, चावी फिरवून गाडी बंद तर मुळीच करू नये. आणि काटा आठशेवर निश्चल, फक्त बूड हादरतंय, तर इंजिन फाउंडेशनचं रबर बसलंय. इंजिन बिचारं ठणठणीत.

एवढं करून गाडी गॅरेजात नेली की ती तिथे शिवणयंत्रासारखी चालते. वाटेत गरम झालेली असते ना. म्हणून तिला रात्रभर तिथेच मुक्कामाला ठेवावं आणि सकाळची पहिली चावी मेकॅनिकनेच मारावी. आपण चहाच्या निमित्ताने जरा लांब उभं राहावं.