अंड्यावर तारीख कुठेय?

रविवारी नवऱ्याचे मावसभाऊ सहकुटुंब आमचं 'साधं जीवन' बघायला येऊन गेले. बघायलाच हां, हात लावायला नाही. तिकीट ठेवायला हवं होतं असं आता वाटतंय.

तर साधं जीवन म्हणजे मागच्या अंगणात भाजीचे वाफे, चार-पाच कोंबड्या, कंपोस्टचा ढीग, घरचा साबण, घरचा पाव आणि दोन मुलं, ज्यांना यातलं काहीच नको असतं, वायफाय हवं असतं. हे सगळं दाखवता दाखवता आम्ही खुराड्यापाशी आलो, तेवढ्यात एक कोंबडी ओरडत बाहेर आली. मी हात घालून अंडं काढलं आणि कौतुकाने भाऊजींच्या हातावर ठेवलं. गरम होतं अजून.

भाऊजींनी ते फिरवून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला, उजेडात धरलं.

"वहिनी, यावर तारीख कुठेय?"

"कसली तारीख?"

"एक्सपायरीची."

मी कोंबडीकडे बघितलं, तिनेही मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

"अहो भाऊजी, आत्ता घातलंय. तुमच्यासमोर."

"ते झालं हो, पण फ्रेश आहे हे समजायचं कसं?"

यावर काय बोलणार! मी गप्प बसले तर त्यांना वाटलं विषय खुला आहे. "आणि कोंबडा दिसत नाही कुठे?" म्हटलं, नाहीये, अंड्यासाठी लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो, मग कोंबडी खुडूक बसली की २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. भाऊजी विचारात पडले. चांगलेच पडले.

"म्हणजे हे नॅचरल नाही म्हणायचं."

"कोंबडीने घातलंय, भाऊजी."

"हो, पण कोंबड्याशिवाय!"

आणि मग अंड्याला चिकटलेली गवताची काडी दोन बोटांनी उचलून, "जरा धुऊन दिलंत तर?" आता घातल्या अंड्यावर एक पातळ थर असतो, तो कवचाची बारीक छिद्रं बंद ठेवतो, धुतला की अंडं लवकर खराब होतं, म्हणून आम्ही अगदी वापरायच्या आधी धुतो. हे सांगेपर्यंत भाऊजींनी सॅनिटायझर काढला होता आणि मुलाला सांगत होते, "हात नको लावू रे, शी असते त्याला." मुलगा बिचारा कोंबडीमागे धावायला निघाला होता, त्याला गाडीत बसवून मोबाईल दिला.

इथपर्यंत मी हसत होते, खरंच. पण निघताना म्हणाले, "बाकी मस्त हं वहिनी, वेळ छान जातो तुमचा."

वेळ जातो! अहो, रात्री पीठ भिजवायचं ते सकाळी फुगेलच याची खात्री नाही, थंडी पडली की ते पण रुसतं. साबणाला कॉस्टिक तोलून घ्यायचं, ते पाण्यात घालायचं, पाणी त्यात कधीच नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं, आणि एवढं करून साबण चार ते सहा आठवडे नुसता सुकत ठेवायचा. दिवस लहान झाले की कोंबड्या पिसं गाळतात, अंडी बंद, खाणं चालूच. गोगलगायींबद्दल मी लिहीतच नाही, बीपी वाढतं.

आणि या सगळ्या वेळात नवरा काय करत होता? गाईड. कंपोस्टमध्ये कोरडा पाला आणि ओला कचरा, कार्बन-नायट्रोजन ३० ला १, ढीग आतून ६० अंशांपर्यंत तापतो वगैरे भाऊजींना ऐटीत सांगत होता, आणि तो ढीग उलटतं कोण, हे काही त्या भाषणात आलं नाही. मुलं सुद्धा पाहुण्यांना सांगतात, "बाबांचं फार्म." साधेपणाची हौस घरात सगळ्यांना आहे, फावडं मात्र एकीच्याच हातात.

भाऊजी डझनभर अंडी घेऊन गेले ते वेगळंच. बिनतारखेची, बिनकोंबड्याची, काडी चिकटलेली. पैशाचं नाव नाही, 'घरचीच तर आहेत'. संध्याकाळी कोंबडीसोबतचा फोटो पण पडला त्यांचा, 'बॅक टू नेचर' लिहून, आणि त्यात कोंबडी धरलेले दोन हात दिसतायत ते माझे आहेत, बाकीची मी कापलीये.

तर नवऱ्याने त्यांना सुट्टीत आठ दिवस राहायला बोलावलंय, मुलांना अनुभव मिळावा म्हणून. येऊ देत. ढीग तेव्हा उलटायलाच आलेला असेल, शेजारून अजून एक फावडं मागून ठेवते, एक भाऊजींना आणि एक ह्यांना, आणि मी त्याच आठवड्यात माहेरी चाललेय.