बंदी नको, थोडी तयारी हवी
लहान मुलांना रेस्टॉरंटमध्ये प्रवेशच नको, असं एका लेखात वाचलं. हा मुद्दा मला अजिबात पटला नाही. चारचौघांत बसून कसं खायचं हे मूल चारचौघांत बसूनच शिकतं. घरी कितीही सांगा, तिथली गर्दी, अनोळखी माणसं आणि ताट येईपर्यंतचं थांबणं घरी कुठून आणणार?

खरी अडचण त्या थांबण्याचीच असते. भुकेल्या, पेंगुळलेल्या तीन वर्षांच्या मुलाकडून अर्धा तास शांत बसण्याची अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यामुळे गर्दीच्या वेळेआधी जावं, मुलाचं खाणं आधी मागवावं, आणि ते कंटाळलं की एकाने त्याला बाहेर एक चक्कर मारून आणावी. रडणं वाढलं तरीही बाहेर न्यावंच. शेजारच्या टेबलावरच्यांचाही विचार व्हायला हवा.

मोबाईल हातात देणं सोपं, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच. कागद आणि खडू पुरतात. गप्पांत सामील करून घेतलं तर तेही लागत नाहीत.

आणि एक, ज्याबद्दल त्या लेखात काहीच नाही: सुरक्षितता. गरम सूप, चहा मुलाच्या हातापासून लांब ठेवा, उंच खुर्चीचा पट्टा लावा. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे घशात अडकू शकतात. वेटर गरम भांडी घेऊन फिरत असतात, तिथे मुलांना पळू देऊ नका, प्लीज.